दहा मिनिटं पुढे

दुपारी हॉलमधलं घड्याळ बंद पडलं. सेल बदलायला खाली काढलं, तर मागे भिंतीचा मूळ पिस्ता रंग गोलात शिल्लक. नवा सेल घातला, मोबाइल बघून काटे लावले. दहा मिनिटं पुढे. का ते विचारू नका, तुमचंही पुढेच असणार.

आमच्याकडे ही रीत आईची. अण्णांची सात-दहाची एसटी चुकू नये म्हणून. अण्णा मोजे चढवता चढवता वर बघत आणि मोठ्याने वजाबाकी करत, "म्हणजे आत्ता सहा पन्नास. आहे वेळ." आई आतून, "अहो, वजाच करायचं तर मी पुढे कशाला लावलंय?" मग डबा हातात घेऊन फाटकापर्यंत पळापळ. रोज.

तशी अख्खी मुंबईही या बाबतीत हट्टीच. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण महापालिकेने आपला मुंबई टाइम पुढे चाळीसहून जास्त वर्षं सोडला नाही. ३९ मिनिटं मागे!

दाताच्या खुर्चीत दोन मिनिटं अर्ध्या तासाची होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डेव्हिड ईगलमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तर माणसांना ३१ मीटरवरून पाठीवर खाली जाळ्यात सोडून पाहिलं. दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं त्यांना ३६ टक्के लांब वाटलं. पण पडताना मनगटावरच्या यंत्रातले भरभर पळणारे आकडे काही कुणाला जास्त वाचता आले नाहीत. म्हणजे तेव्हा वेळ जात होता तसाच जात होता, लांबला तो नंतर, आठवताना.

माझं उलटंच झालंय. अण्णांची शेवटची रात्र मला जेमतेम दहा मिनिटांची आठवते. बाकडं, मांडीवर त्यांच्या चपलांची कॅरीबॅग, आणि डॉक्टर बाहेर आले. ताई म्हणते, अरे, संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत बसलो होतो आपण. तू दोनदा चहा आणलास. असेल.

अण्णांना जाऊन किती झाली असं कुणी विचारलं, की मी सांगतो, झाली असतील चार-पाच वर्षं. परवाही तसंच सांगितलं. पाहुणे गेल्यावर लेक हळूच म्हणाली, "बाबा, आजोबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते."

ती आता बारावीला आहे.