शूर होते, मग शरण का गेले?

दर १५ ऑगस्टला नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो. मी जातोच, आणि चढ चढता चढता सोबतच्यांना आदल्या दिवसाची, म्हणजे १४ ऑगस्टची गोष्ट सांगतो. काश्मीरच्या पहिल्या भारत-पाक युद्धातल्या स्कार्दूच्या ठाण्याची. मग कोणीतरी विचारतंच, "भाऊ, इतके शूर होते, तर शरण काऊन गेले?" यंदा तुम्ही विचारलंत आणि मागे रांग होती, म्हणून उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो.

मी फौजी नाही. हवाई दलाच्या एका डेपोत ३४ वर्षं स्टोअरकीपर होतो. बिन कार्ड, लेजर, इश्यू व्हाउचर, म्हणजे मालाच्या शिल्लकेच्या नि माल दिल्याच्या नोंदी, एवढंच माझं युद्ध. त्यामुळे वेढ्याबद्दल वाचताना मी तोफा नंतर मोजतो, आधी शिल्लक बघतो.

स्कार्दू सिंधूकाठी, सात हजार फुटांहून उंच. ठाण्याचे प्रमुख शेर जंग थापा लेहहून तुकडी घेऊन डिसेंबर १९४७ मध्ये तिथे पोचले. ११ फेब्रुवारी १९४८ ला हल्ला झाला, वेढा पडला. आत सैनिक शेकड्यांत मोजण्याइतके, वर आसऱ्याला आलेली माणसं. श्रीनगरहून येणारी वाट झोजिला खिंडीवरून. हिवाळ्यात ती बर्फाखाली, उन्हाळ्यात खिंडच शत्रूच्या हाती. मदतीला निघालेल्या तुकडीवर वाटेत शत्रूने दबा धरून हल्ला केला, तिला मागे फिरावं लागलं. लढाऊ विमानांनी डब्यांतून दारूगोळा टाकून पाहिला, त्यातला बराचसा शत्रूकडेच पडला. म्हणजे लेजरला इश्यू लागला, पण घेणाऱ्याची सही नाही! असे सहा महिने काढले. धान्य संपलं, काडतुसं संपली, तेव्हा १४ ऑगस्ट १९४८ ला शरण गेले. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना मारून टाकलं. थापा वाचले, पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं.

आता त्याच युद्धातलं पूंछ बघा. तोही वेढाच, आणि स्कार्दूच्या दुप्पट लांब: नोव्हेंबर १९४७ ते नोव्हेंबर १९४८. पण तिथे ब्रिगेडियर प्रीतम सिंगांनी सैनिक आणि निर्वासित कामाला लावून धावपट्टी करून घेतली. डिसेंबरात हवाई दलाच्या एअर कमोडोर मेहर सिंगांनी तिच्यावर डाकोटा हे मालवाहू विमान उतरवलं. मग पहाडी तोफा आल्या, शिधा आला, परतीच्या फेरीत निर्वासित बाहेर पडले. लेहलाही तसंच. अभियंता सोनम नोर्बूंनी पट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ ला, अकरा हजार फुटांवर, मेहर सिंगच जनरल थिमय्यांना घेऊन उतरले. स्कार्दूत आपलं विमान उतरलंच नाही.

तिन्ही ठिकाणची माणसं सारख्याच मातीची होती, असं मला वाटतं; फरक माल पोचण्या-न पोचण्याचा. आपल्या सीताबर्डीवर १८१७ च्या नोव्हेंबरात कंपनीची पलटण भोसल्यांच्या फौजेपुढे टिकली, त्याचं इंग्रजांनी केवढं कौतुक केलं! पण ती लढाई एका संध्याकाळी सुरू झाली नि दुसऱ्या दुपारी आटोपली. तेवढं कमरेच्या काडतुसांवरही निभतं, बाप्पा.

हे मी इतक्या ठामपणे बोलतो, त्याला एक कारण आहे. नोकरीच्या पाचव्या वर्षी बर्फातल्या एका ठाण्याचा इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, माझ्या टेबलावर आला होता. बूट, नऊ नंबर. मी कागद उलटा धरून वाचला की काय कोण जाणे, पाठवले सहा नंबरचे. पूर्ण पेटी. ना लढाई होती ना वेढा, तरी चूक दुरुस्त होऊन बूट पोचायला तेवीस दिवस लागले. तिकडून रागाचं पत्रसुद्धा आलं नाही. फक्त पेटी परत आली, वरची पट्टी न तोडलेली. बाहेरचा नंबर वाचूनच त्यांना कळलं होतं.