कॅट, कप आणि खण

टेबलाचा खण उघडला की इअरफोनची वायर गाठी मारून बसलेली. ठेवताना नीट गुंडाळून ठेवली होती, शपथेवर सांगतो. मग 'एन्ट्रॉपी वाढली', म्हणजे जगातला पसारा वाढला, असं म्हणून मी मोकळा होतो. कुठल्याही पसाऱ्याचं खापर फोडायला हा शब्द फार सोयीचा.

ही खोड मोडली पत्त्यांनी. 52 पत्ते लावायच्या रीती किती? 8 आणि त्यापुढे साधारण 67 शून्यं. त्यांतल्या 'नीट' म्हणाव्यात अशा मूठभर, म्हणून पिसलं की क्रम हरवतो. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनची एन्ट्रॉपीही अशाच रीती मोजते, पण रेणूंच्या आणि त्यांच्यातल्या ऊर्जेच्या. लावलेला कॅट आणि पिसलेला कॅट शेजारी ठेवले तर उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राच्या, वहीत फरक जवळपास शून्य. किलवरची दुर्री कुणाशेजारी बसली याचं कागदाच्या रेणूंना काय?

एन्ट्रॉपीची खरी वाढ होते ती बाजूच्या कपापाशी. पाणी 90 अंश, खोली 30. समजा कपातून 1000 ज्यूल उष्णता निघाली, तीही इतकी थोडी की पाण्याचं तापमान फारसं उतरलं नाही. एन्ट्रॉपीतला बदल काढायची भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियसची रीत सोपी : उष्णतेला केल्विनमधल्या तापमानाने (अंश अधिक 273) भागायचं. कपाने गमावले 1000 भागिले 363, म्हणजे 2.75. खोलीने कमावले 1000 भागिले 303, म्हणजे 3.30. ऊर्जा तेवढीच, तरी 0.55 जास्त आले कुठून? कुठूनच नाही, ते नव्याने जन्मले. आणि आता पुसता येणार नाहीत. मला तर भुताच्या गोष्टीपेक्षा हा भागाकार जास्त अस्वस्थ करतो.

क्लॉसियसने 1865 साली 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला तो रूपांतर अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, 'एनर्जी'शी जुळेल असा. पसारा त्यात कुठेच नव्हता.

तर मी खण आवरायला घेतला. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. दहा मिनिटांत 60,000 ज्यूल, भागिले 303 : खोलीच्या एन्ट्रॉपीच्या खात्यात 200च्या आसपास जमा. आवरलं नसतं तरी झालेच असते म्हणा. पण वायरच्या गाठी त्यापुढे किस झाड की पत्ती! खण चकाचक झाला. वायर अजून सुटलेली नाही.