अर्धशिशीत पोटाचाही विचार

माझ्या अर्धशिशीत उजवी भुवई ठणकू लागण्याआधीच पोटात ढवळू लागते. पॅरासिटामॉल घेतली, तरी तासाभराने ओकारी होऊन बेसिनमध्ये गोळीचे पांढरे तुकडे दिसत. त्यामुळे साध्या गोळ्यांचा हिला काही उपयोग नाही, असे घरात सर्वांचेच मत झाले होते.

डेक्कनजवळच्या आमच्या डॉक्टरांनी मात्र सारे नीट ऐकून घेऊन सांगितले, की गोळी कमी पडत नाही, ती पुढे सरकत नाही. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते आणि गोळी जिथे प्रामुख्याने शोषली जाते, त्या लहान आतड्यापर्यंत ती वेळेवर पोहोचतच नाही. म्हणून त्यांनी पॅरासिटामॉलच्या जोडीला मेटोक्लोप्रमाइड लिहून दिले; ते मळमळ थांबवते आणि जठरालाही पुन्हा चालना देते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि १० मिलिग्रॅम मेटोक्लोप्रमाइड यांचा दोन तासांनंतरचा परिणाम अर्धशिशीवरच्या सुमाट्रिप्टान या औषधाच्या १०० मिलिग्रॅमच्या तोडीचा आढळला होता, हे मी नंतर वाचले.

डॉमपेरिडोन हाही पर्याय होता; पण माझ्या जुन्या ईसीजीत किंचित दोष असल्याने आणि ते औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकत असल्याने डॉक्टरांनी ते टाळले. मेटोक्लोप्रमाइडने क्वचित मान किंवा जबडा आखडतो, विशेषतः तरुण वयात. तसे झाल्यास लगेच दवाखाना गाठावा, असे त्यांनी बजावले.

पुढचा झटका स्वारगेटहून घरी येताना बसमध्येच सुरू झाला. डोके पुरते धरण्याची वाट न पाहता मी दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या आणि घरी येऊन पडदे ओढून पडून राहिले. काही वेळाने पोटात गुरगुर सुरू झाली, ढेकर आली, मळमळ ओसरली. ठणका त्यानंतर बऱ्याच वेळाने उतरला, पण उलटी झाली नाही. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले होते आणि मला अक्षरशः रडू आले.

पहाटे ऐन झटक्यातच जाग आली, तर ही जोडी मला अपुरी पडते. त्यासाठी वेगळे औषध लिहून दिले आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेत राहिल्यास त्यांनीच डोकेदुखी जडते, म्हणून गोळी घेतलेला प्रत्येक दिवस मी कॅलेंडरवर नोंदवते आणि तपासणीला जाताना ती पाने सोबत नेते.