शंभर रुपयांची कपात

संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत बसून एखादी चर्चा प्रत्यक्ष ऐकावी, ही माझी इच्छा जुनी होती. तिला निमित्त मिळाले ते मात्र रेल्वेमुळे. मी बीडचा. आमच्याकडच्या माणसासमोर रेल्वेचा विषय काढला, की तो लवकर थांबत नाही, कारण अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995 साली आणि मार्च 2025 मध्ये मी दिल्लीला निघालो, तेव्हाही बीड शहराने रेल्वेगाडी पाहिलेली नव्हती. लोकसभेत रेल्वे मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मंत्रालय सभागृहाकडे मंजुरीला ठेवते त्या रकमांवर, चर्चा होणार असल्याचे समजताच दिल्लीतील घरगुती कामाची तारीख मी त्या आठवड्यात ओढून आणली.

रेल्वेची चर्चा ऐकण्यासाठी बीडच्या माणसाला आधी एसटीने जालन्याला जावे लागले, यातच सगळे आले. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस पकडली. या गाडीत वाटेतील स्थानकांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगरचे जेवण वाढतात. माझ्याजवळ ताट नव्हते, तर समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी आपल्या डब्याचे झाकण मला धरायला दिले आणि त्यात पडलेली गरम डाळ-पोळी पुढचे चार दिवस दिल्लीत पैसे मोजून खाल्लेल्या कोणत्याही जेवणापेक्षा सरस ठरली. रात्री बर्थवर आडवा झालो, तेव्हा मधु दंडवते आठवले. 1977 ते 1979 या काळात ते रेल्वेमंत्री होते आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांचा. सरकारी खर्चाचा निर्णय इतक्या थेटपणे पाठीला कळावा, असे प्रसंग फार थोडे असतात.

नवी दिल्ली स्थानकावर उतरलो, तेव्हा 15 फेब्रुवारीच्या चेंगराचेंगरीला जेमतेम महिना झाला होता. तेथे 18 माणसे गेली होती. जिना चढताना माझ्यासह सगळेच प्रवासी कठड्याच्या बाजूने चालत होते, असे मला वाटले. कदाचित तो माझ्याच मनाचा खेळ असेल. पहाडगंजमधील ज्या लॉजवर उतरलो, त्याविषयी एवढेच सांगतो, की खोलीला खिडकी होती आणि ती शेजारच्या भिंतीकडे उघडत होती.

गॅलरीचा पास खासदारांच्या शिफारशीवर मिळतो. हा अभ्यागत आपल्या व्यक्तिशः परिचयाचा आहे, असे खासदारांना अर्जावर लिहून द्यावे लागते. ज्यांनी माझ्यासाठी सही केली, त्यांना मी आयुष्यात एकदाच, तेही प्रचारसभेत आणि बऱ्याच अंतरावरून पाहिले होते. 13 डिसेंबर 2023 रोजी दोन तरुणांनी याच गॅलरीतून सभागृहात उडी मारून पिवळा धूर सोडला, तेव्हापासून बंदोबस्त कडक झाला आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मोबाइल, पिशवी, कागद, सारे बाहेर ठेवावे लागते. आत बोलायचे नाही, टाळी वाजवायची नाही, कठड्यावरून वाकायचे नाही. पासची मुदत एक तास.

नव्या इमारतीतील लोकसभेचे सभागृह दूरचित्रवाणीवर दिसते त्याहून कितीतरी मोठे आहे. मोराच्या कल्पनेवर केलेली सजावट, हिरवा गालिचा आणि 888 आसने. सदस्य 543. त्यांतील मोजकेच त्या दुपारी हजर होते, त्यामुळे सभागृहाची भव्यता डोळ्यांत भरण्याऐवजी रिकामेपणाच भरत होता. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे 55 जण हवेत, असे राज्यघटना सांगते. मी मोजायला सुरुवात केली होती, परंतु ये-जा इतकी चालू होती, की नाद सोडून दिला.

चर्चा सुरू होताना पीठासीन सभापतींनी एक घोषणा केली आणि माझ्या दृष्टीने त्या तासातील सर्वांत मोलाचा भाग तोच होता. ज्या सदस्यांच्या कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याच्या सूचना, वितरित झाल्या आहेत, त्यांनी त्या मांडायच्या असतील, तर पंधरा मिनिटांच्या आत सूचनांचे अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून टेबलाकडे पाठवावेत. एवढे ऐकताच मागच्या रांगेतील एका वयस्क सदस्यांनी खिशातून पेन काढले, चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरून आकडे उतरवले, एक आकडा खोडला, पुन्हा लिहिला आणि चिठ्ठीची नीट घडी घालून कर्मचाऱ्याच्या हाती दिली. पहिल्या रांगेत तोवर शाब्दिक चकमकी सुरू झाल्या होत्या. तिकडे त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही.

या कपात सूचना तीन प्रकारच्या असतात. मंत्रालयाचे धोरणच अमान्य असेल, तर त्याची मागणी एक रुपयावर आणावी, अशी सूचना देतात. उधळपट्टी दाखवायची असेल, तर ठरावीक रक्कम कमी करण्याची. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असेल, तर मागणी शंभर रुपयांनी कमी करण्याची. त्या वर्षी रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी अर्थसंकल्पातून सुमारे 2 लाख 52 हजार कोटी रुपये दिले जाणार होते. त्यांतून शंभर रुपये कमी करा, असे म्हणत देशभरातील खासदार कोठे थांबा, कोठे उड्डाणपूल, कोठे स्त्रियांसाठी प्रतीक्षालय मागत असतात. रुपयांना येथे काही किंमत नसते. त्या निमित्ताने गावाचे नाव लोकसभेच्या कागदावर छापले जाते, हाच त्यातला लाभ.

भाषणांबद्दल मात्र माझी निराशा झाली. विरोधी बाजूने चेंगराचेंगरी, गाड्यांची टक्कर टाळणारी कवच यंत्रणा बसवण्याची संथ गती आणि मार्च 2020 पासून बंद असलेली ज्येष्ठ नागरिकांची सवलत हे मुद्दे आले. तिन्ही रास्त होते. सत्ताधारी बाजूने उत्तर दिले ते 2014 पूर्वी किती किलोमीटर विद्युतीकरण झाले आणि नंतर किती झाले, या हिशेबाने. त्यावर समोरून आणखी मागची वर्षे निघाली. कोणाच्या काळात काय झाले, हा वाद दोन्ही बाजू इतक्या तयारीने लढत होत्या, की येत्या वर्षाचा पैसा कोठे जावा, हा ज्या चर्चेचा विषय, त्याला हात लावायला कोणाला उसंत नव्हती. आमचा मार्ग 1995 पासून रखडला; त्यानंतर दोन्ही बाजूंनी पुरेशी वर्षे सत्ता भोगली आहे. त्याच्या निम्म्या खर्चाचा भार महाराष्ट्र सरकारने उचललेला, आणि तेथेही सगळे पक्ष आलटून पालटून बसून गेले. त्यामुळे कोणत्याही बाजूने बाक वाजले, की माझ्या कपाळाला आठी पडत होती.

अपवाद एका लहान पक्षाच्या सदस्याचा. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो, त्यामुळे त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटे आली होती. त्याने ना मागचे सरकार काढले ना आताचे. एका श्वासात स्थानकांची नावे, गाड्यांचे क्रमांक आणि आपल्या भागातील माणसाला दवाखान्यासाठी किती मैल जावे लागते, ते सांगत गेला. वेळ संपल्याची घंटा झाली, माइक बंद झाला, तरी तो बोटांवर मोजत ओठ हलवत उभा होता. त्याचे मतदारसंघातील एकही गाव मला ठाऊक नाही, पण त्या वेळी मी कठड्यावरून पुढे झुकलो आणि सफारीतील रक्षकाने माझ्या खांद्याला बोट लावले.

तास संपला आणि मंत्र्यांचे उत्तर न ऐकताच बाहेर पडावे लागले. बीडचे नाव माझ्या तासात कोणी घेतले नाही. ज्या चर्चेसाठी सभागृह दीर्घकाळ बसते, तिचा एकच तास नागरिकाला पाहू देणे मला पटत नाही. 11 जुलै 2019 रोजी रेल्वेच्याच मागण्यांवर लोकसभा जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत बसली होती. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची 1924 पासूनची प्रथा 2017 मध्ये बंद झाल्यावर खासदारांना आपल्या गावची गाडी मागण्यासाठी हेच मोठे व्यासपीठ उरले आहे.

उरलेल्या दिल्लीत काम झाले, ऊन खाल्ले आणि थोडी खरेदी केली.

शेवटी या सूचनांचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. सगळ्या कपात सूचना एकत्र मतास टाकल्या जातात आणि आवाजी मतदानाने नामंजूर होतात, कारण शंभर रुपयांचीही कपात मान्य झाली, तर तो सरकारवरचा अविश्वास मानला जातो. 27 एप्रिल 2010 रोजी विरोधकांनी महागाईवरून खरोखर मतविभागणी घडवून आणली होती. तेव्हाचे सरकार 289 विरुद्ध 201 मतांनी तरले. बहुतेक मंत्रालयांच्या वाट्याला तर चर्चाही येत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सर्व मागण्या एकगठ्ठा मतास टाकतात; त्यालाच गिलोटिन म्हणतात. 2023 च्या मार्चमध्ये एकीकडून संयुक्त संसदीय समितीची आणि दुसरीकडून माफीची मागणी होत असताना, त्या गोंधळातच सुमारे 45 लाख कोटींचा अर्थसंकल्पीय खर्च कोणत्याही चर्चेविना संमत झाला. 2018 मध्येही चर्चा झाली नव्हती.

17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरची गाडी सुटली. परळीपर्यंतचा मार्ग मी हे लिहीत असताना पूर्ण व्हायचा आहे, त्यामुळे कोणाच्या काळात, हा प्रश्न आमच्याकडेही इतक्यात मिटणार नाही.

गॅलरीत जायचे असेल, तर प्रश्नोत्तराच्या तासाचा पास मागू नये, मागण्यांवरील चर्चेचा मागावा, आणि जमल्यास मंत्र्यांच्या उत्तराच्या वेळेचा. मला पुन्हा संधी मिळालीच, तर मी गिलोटिनची संध्याकाळ मागेन. त्या वेळी भाषण कोणाचेच नसते, परंतु पक्षादेश निघालेला असल्यामुळे बाके भरलेली असतात.