कंटाळा येत नाही का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अगदी बँकेच्या रांगेतसुद्धा हाच प्रश्न: "लांडग्यासाठी इतके तास एका जागी बसायचं! केवढा संयम लागत असेल हो. कंटाळा नाही येत?" (बायका जरा थांबून, हळू आवाजात आणखी एक विचारतात. त्याचं उत्तर: पाणी बेतानंच प्यायचं, बाकी नशीब.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कंटाळा भरपूर येतो. आणि संयमाचं म्हणाल तर दूध तापेपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही.

मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळरानांवर लांडग्यांचं चित्रीकरण करते. दौंड, बारामती, इंदापूर हा तो पट्टा. नेमका माळ सांगत नाही. एकदा सांगितला होता, तर पुढच्याच रविवारी तिथे सात गाड्या उभ्या. सरकारदरबारी यातल्या बऱ्याच जमिनीची नोंद 'पडीक' अशी. त्या पडीक जमिनीवर चिंकारा आहे, खोकड आहे, धाविक पक्षी आहे, आणि गवतात कुसळं आहेत. मोज्यात शिरलेलं कुसळ फक्त पुढेच सरकतं, मागे येत नाही. रात्री घरी चिमटा घेऊन एकेक उपसावं लागतं. खरा संयम लागत असेल तर तिथे.

बसण्यात तसा रिकामा वेळ फार नसतो. अंधारातच आडोशात शिरायचं. आडोसा म्हणजे चार काठ्या आणि मातकट कापड. चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. तो माझ्याकडून लांडग्यांच्या बिळाकडे जात असेल तर माझा वास तिथे पोचणार; मग सामान उचलून परत. लेन्सखाली टेकू म्हणून गव्हाची पिशवी. मग कान. टिटवी कुठल्या अंगाला ओरडली, चंडोल मध्येच गप्प का झाला. उजाडल्यावर जेमतेम दोन-तीन तास हाती असतात. जमीन तापली की हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून लांडगा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. त्यानंतर दुपारपर्यंत ठाण मांडण्यात काही शौर्य नाही. उठायचं, उद्या पुन्हा यायचं.

हे कळायला मला एक अख्खा हंगाम घालवावा लागला. तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. लांडगी हिवाळ्यात विते, आणि पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की बिळाच्या तोंडाशी यायला लागतात. वनखात्याची परवानगी होती, ओढ्याच्या काठाला बीळही सापडलं होतं. दोनशे मीटरवर आठ दिवस बसले. मध्ये बोरीची जाळी आडवी, त्यामुळे पिल्लांचे नुसते कान दिसायचे. नवव्या दिवशी मी आडोसा पन्नास पावलं पुढे सरकवला. घाई झाली होती असंही नाही. आठ दिवस शहाण्यासारखी बसले, आता एवढं तरी माझ्या पदरात पडायला हवं, असा काहीतरी हिशेब मनात होता. धीराचं बिल लावलं मी त्या लांडगीला.

ती आली. बिळापासून दूरच थांबली आणि कितीतरी वेळ आडोशाकडे बघत राहिली. एक पाय उचललेला, कान पुढे. मी चित्रित करत होते. ज्यांना तो शॉट दाखवला ते म्हणाले, "काय नजर आहे!" ती नजर कशाची होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. बीळ रिकामं होतं.

"रातीच न्हेली तिनं पिल्लं," आबा म्हणाले. "तुमी लई जवळ बसला, ताई." आबा म्हणजे त्या माळावरचे धनगर. मेंढरं घेऊन कोकणात उतरत नाहीत, बारमाही तिथेच. तो शॉट मी कुठेही वापरलेला नाही.

पुढच्या वर्षी कॅमेरा घरी ठेवला आणि दोन महिने जमेल तेव्हा आबांच्या मेंढरांमागे चालले. लांडग्यांना मेंढरं ओळखीची, धनगर ओळखीचा. गाडीतून उतरून एकटीच वाकत वाकत येणारी बाई मात्र नाही. त्याच दिवसांत आबांचं एक कोकरू गेलं. "त्याचा वाटा त्यानं न्हेला," असं शांतपणे म्हणाले, आणि संध्याकाळी वाड्यावर त्याच लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन्ही मनापासून.

यंदा बसले ती तीनशे मीटरवर. सतरा सकाळी गेले. त्यातल्या सहा वाऱ्यानं खाल्ल्या, दोन धुक्यानं. हाती आलं ते चाळीस सेकंदांचं चित्रीकरण: दोन पिल्लं एक तुटकी चप्पल दोन बाजूंनी ओढतायत, एक मागच्या मागे उलटं पडतं, आणि दुसरं चप्पल घेऊन बिळात पसार.

आबांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून दोनदा बघितलं.

"आरं, ही माजीच की! दिवाळीपास्नं हुडकतोय."