काकवी, फेसलेली मोहरी आणि माझा तिसरा हॅम

मागच्या हिवाळ्यात घरी दोन हॅम केले, म्हणजे डुकराची मागची मांडी खाऱ्या पाण्यात मुरवून, वरून गोड लेप लावून भाजली. पहिल्याच्या वरचा लेप जळून काळा पडला, दुसऱ्याचा कडू झाला. पहिल्यात हाडाजवळ रुपयाएवढा राखाडी ठिपकाही राहिला होता, म्हणजे तिथवर मीठ पोचलंच नव्हतं. तो दोष दुसऱ्या वेळी सुईने खारं पाणी आत टोचून सुटला. लेपाचं कोडं मात्र वर्षभर डोक्यात होतं. या खेपेच्या नोंदी सविस्तर ठेवल्यात, त्या इथे देते.

४ डिसेंबर, जालना

मांडी मिळाली. आमच्याकडे पोर्क मिळतं, पण मागची मांडी अख्खी मिळत नाही, सकाळीच तिचे तुकडे पडतात. आठ दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. मी खालच्या बाजूचा, नळीच्या हाडाचा भाग घेतला, २.६ किलो, कातड्यासकट.

“ताई, कातडं कामून पायजे? काढून देतो की.”

“राहू द्या भाऊ. आन् जाळावर धरू नका, गरम पाण्यानंच केस काढा.”

हे दुसरं वाक्य विसरू नका. आपल्याकडे केस जाळून काढायची पद्धत आहे. कालवणाला ते चालतं, पण हॅमच्या चरबीत तो जळका वास शेवटपर्यंत राहतो. कातडं हवं ते खाण्यासाठी नाही. पहिले तीन तास ते चरबीवर पांघरुणासारखं असतं, लेप लावायच्या वेळी ते काढूनच टाकायचं.

घरी येऊन पाण्याचं आणि मांसाचं वजन एकत्र धरलं. मांस २६०० ग्रॅम, पाणी १३०० ग्रॅम, मिळून ३९००. मीठ या एकूण वजनाच्या २.२ टक्के, म्हणजे ८६ ग्रॅम. त्यातलं १० ग्रॅम क्युरिंग सॉल्ट, उरलेलं ७६ साधं मीठ. गूळ ८० ग्रॅम. तमालपत्र तीन, मिरे, लवंगा. पाणी जारचं घेतलं, कारण आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. पाणी उकळून पूर्ण गार केलं आणि क्युरिंग सॉल्ट सगळ्यात शेवटी घातलं. असं एकत्र वजन धरून केलं की मांस मुरताना ठरल्यापेक्षा जास्त खारट होऊच शकत नाही, दोन दिवस जास्त राहिलं तरी. अंदाजे मुठीने मीठ टाकून मग रात्रभर पाण्यात भिजवत बसायचा प्रकार मी कायमचा सोडला.

क्युरिंग सॉल्टबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ. चुकून स्वयंपाकात पडू नये म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. आपल्या घरात गुलाबी म्हटलं की सैंधव, आणि दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या तर ओळखता येत नाहीत. माझी बरणी स्वयंपाकघरात नसतेच, कपाटात वरच्या फळीवर चिठ्ठी लावून ठेवलेली असते. ते मांस आणि पाणी मिळून किलोमागे २.५ ग्रॅम, आणि ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावरच मोजायचं. जुन्या घरांत सोरा वापरायचे. सोरा म्हणजे नायट्रेट, त्याचं काम वेगळं, वेळ वेगळा, मोजमाप वेगळं, तेव्हा एकाच्या जागी दुसरं घालू नका. नायट्राइटमुळे मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं, पण खरं कारण बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे जंतू. हवा न पोचणाऱ्या ओल्या मांसात ते वाढतात, त्यांना नायट्राइट रोखतं.

खारं पाणी २६० मिली, म्हणजे मांसाच्या दहा टक्के, जाड सुईच्या सिरिंजने हाडालगत चौफेर टोचून भरलं. सुई हाडाला टेकेपर्यंत आत घालायची आणि दट्ट्या दाबत दाबत बाहेर काढायची. मांस फुगताना दिसतं. उरलेलं पाणी आणि मांस जाड पिशवीत घालून फ्रिजच्या तळाशी ठेवलं.

७ डिसेंबर

दुपारी चार तास लाईट नव्हती. अशा वेळेसाठी फ्रीझरमध्ये एक लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या गोठवून ठेवलेल्या असतात, त्या काढून पिशवीभोवती रचल्या. फ्रिजचं दार चार तास उघडलं नाही. थर्मामीटर ३ वरून ४ अंशांवर गेला, त्यापुढे नाही. मराठवाड्यात हॅम हिवाळ्यातच करावा असं मी म्हणते ते यासाठी. एप्रिल-मेमध्ये घरातच ३८-४० अंश असतात, तेव्हा चार तासांत काय होईल याची परीक्षा मला घ्यायची नाही.

१० डिसेंबर, लेपाची रंगीत तालीम

हॅमवर थेट प्रयोग करण्याआधी या वेळी एक सोपी गोष्ट केली. बटाट्याच्या जाड चकत्यांवर पोर्कच्या चरबीचे पातळ काप ठेवले आणि त्यावर वेगवेगळे लेप लावून ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये भाजले. एका दुपारी पाच लेप झाले, आणि वर्षभराचं कोडं सुटलं.

आधी मोसंबीचं. जालन्यात राहून लेपाला अननसाचा डबा आणायचा हे मला पटत नाही. आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आंबे बहाराची मोसंबी नुकतीच येऊन गेलेली असते. मागच्या वर्षी मी अर्धा लिटर रस पाऊण तास आटवला होता आणि लेप कडूजहर झाला. तेव्हा वाटलं गूळ करपला. या वेळी नुसता रस वेगळा आटवून पाहिला, गुळाचा खडासुद्धा न घालता. तरी कडू. मोसंबीच्या रसात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ पिळल्यानंतर तयार होतो. ताज्या फोडीत तो जाणवत नाही. रस जितका वेळ राहील आणि जितका तापेल, तितका कडवटपणा चढतो. बिया आणि पांढरा पापुद्रा रसात आला तर आणखीच. रसवंतीवाला मोसंबीचा ग्लास तुमच्या समोर पिळून लगेच हातात देतो, त्यामागेही हेच आहे. म्हणून नियम असा: मोसंबी आटवायची नाही. साल हलक्या हाताने किसायची, पांढरं येऊ द्यायचं नाही, आणि ताजा रस दोन चमचे, तोही भांडं उतरवल्यावर. सुगंध सालीतूनच येतो. आंबटपणा मोसंबीत मुळातच कमी, त्यासाठी व्हिनेगर लागतोच.

मग गूळ. गूळ, व्हिनेगर, मोहरी एकत्र उकळून दाट केलं. चरबीवर लावून भाजल्यावर सुंदर चकाकी आली, पण गार झाल्यावर तो चिक्कीसारखा कडक झाला. सुरी लावली की अख्खा पापुद्रा उचलून यायचा. इथे आत्याला फोन केला. संक्रांतीला तिच्या हातचा तिळगूळ कधी दाताला लागत नाही आणि कधी बसतही नाही.

“अगं, गोळी झाली तुझ्या पाकाची. लाडवाला गोळी लागती. तुला चिकटायला पायजे, तर तारेच्याही आधी उतरव. आन् काकवी हाय ना घरात? ती कामून नाही घेत?”

काकवी! ती घरात होती, पोरं भाकरीशी खातात, आणि मला सुचली नव्हती. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळत असताना गूळ धरण्याआधी, साधारण १०५-१०६ अंशांना काढतात ती काकवी. गुळासाठी तोच रस आणखी वर, ११५ च्या पुढे न्यावा लागतो. काकवीत साखरेचा बराच भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो, म्हणून ती बरणीत दाणा धरत नाही आणि भाजल्यावरही लवचिक राहते. बाहेरच्या पाककृतींत लागणाऱ्या ब्राऊन शुगरमध्ये साफ केलेल्या साखरेला मळीचा रंग परत दिलेला असतो. काकवीत तो गेलेलाच नसतो. आमची काकवी लातूरकडच्या गुऱ्हाळाची, रंगाने चहाच्या अर्कासारखी.

पण हीच फुटलेली साखर लवकर करपतेही. पहिल्या हॅमचं कारण आता कळलं. साखर करपायला १६० च्या वर तापमान लागतं, फ्रुक्टोज ११० च्या आसपासच रंग बदलू लागतो. मी तीन तास आधीपासून गुळाचा थर दिला होता, तो काळा पडणारच होता.

शेवटी मोहरी. बाटलीतली मस्टर्ड पेस्ट चालते, पण फेसलेल्या मोहरीला तोड नाही. दोन चमचे मोहरी थोड्या थंड पाण्यात फेसायची, खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात, नाकात झिणझिणेपर्यंत. दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग व्हिनेगर. क्रम महत्त्वाचा. थंड पाण्यात झणका तयार होतो, व्हिनेगर आधी पडला किंवा पाणी गरम असलं तर मोहरी मुकीच राहते. कैरीच्या लोणच्याला आई हेच करायची.

ठरलेला लेप: काकवी १५० ग्रॅम, व्हिनेगर ३ चमचे, लवंगेची पूड चिमूटभर, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. गार स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकून बोटाने मधोमध रेघ ओढायची. रेघ लगेच मिटली तर कच्चा. तशीच उभी राहिली तर पुढे गेला. सावकाश, श्वास घेऊन सोडेपर्यंतच्या वेळात मिटली की उतरवायचा. मग फेसलेली मोहरी, एका मोसंबीची किसलेली साल, दोन चमचे रस.

१२ डिसेंबर

आठ दिवस झाले. मांस बाहेर काढलं, धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि जाळीवर उघडंच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी वरचा भाग हाताला किंचित चिकट लागतो, ओला नाही.

१३ डिसेंबर, भाजणं

सकाळी सव्वाआठला ओटीजीत. खालचा रॉड फक्त, १३५ अंश, ताटात पेलाभर पाणी, वरून फॉइल घट्ट. सुईचा थर्मामीटर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. हाड लवकर तापतं आणि खोटा आकडा दाखवतं. दोन तासांनी ४१ अंश, पावणेबाराला ६२.

आता कातडं. गरम असतानाच सुरीचं टोक कडेला घालून बोटांनी मागे ओढलं की रजईसारखं निघून येतं. खाली बोटाच्या अर्ध्या पेराएवढी पांढरी चरबी. ती कागदाने टिपून कोरडी केली, कारण मागच्या वर्षी याच ओल्या चरबीवरून लेप घसरून ताटात गेला होता. मग शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या चिरा, मांसाला न लागता फक्त चरबीत. प्रत्येक छेदावर एक लवंग. ४७ लवंगा लागल्या, लेकीने मोजल्या.

ओटीजी २०० वर, आता दोन्ही रॉड. हाडाच्या टोकाला फॉइल गुंडाळलं, ते वरच्या रॉडच्या फार जवळ जातं. लेपाचा पहिला हात अगदी पातळ. आठ मिनिटांनी दुसरा. आणखी आठ मिनिटांनी तिसरा, आणि तिथून पुढे मी दारासमोरून हलले नाही. चिरांच्या कडा आधी उचलल्या जातात, मग त्यांच्यावर बारीक बुडबुडे येतात, मग ते बुडबुडे एकमेकांत मिसळून काचेसारखे होतात. सोनेरी ते तांबूस हा बदल पाच मिनिटांत होतो, तांबूस ते काळा दीड मिनिटात. २४ व्या मिनिटाला बाहेर काढला, आतलं तापमान ६८.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि ३ मिनिटं विसावा पुरेसा धरला. मी ६८ ला थांबते. आपल्याकडे डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची भीती खरी आहे. खाऱ्या पाण्यात मुरलेलं मांस ६८ लाही रसदार राहतं, म्हणून जोखीम घ्यायचं कारण दिसत नाही.

अर्धा तास तसाच ठेवला. मग कापला. हाडापर्यंत एकसारखा गुलाबी, राखाडी ठिपका कुठे नाही. लेप कापाबरोबर राहिला, दुमडला तरी तुटला नाही. आधी मोहरीचा झणका, मग काकवीचा तो उसाच्या मळीसारखा गडदपणा, आणि गिळल्यावर मोसंबीची साल. कडवटपणा अजिबात नाही. आत्याला पहिला काप दिला. तिने चरबीची कड आधी खाल्ली आणि म्हणाली, “आता पाक जमला बघ तुला.”

१५ डिसेंबर

गार हॅमचे पातळ काप शाळूच्या गरम भाकरीत गुंडाळून खाल्ले, सोबत कच्चा कांदा. ब्रेडपेक्षा हे मला जास्त आवडलं, भाकरीच्या भाजलेल्या पापुद्र्याला तो गोडवा शोभतो. गार झाल्यावर मीठ मात्र किंचित कमी वाटलं. पुढच्या वेळी २.४ टक्के धरणार. मोहरीही दोनऐवजी अडीच चमचे, तिचा झणका दुसऱ्या दिवशी ओसरतो.

हाड हरभऱ्याच्या डाळीत घालून कुकरला लावलंय. डाळीला वरून मीठ घातलेलं नाही, हाडाचंच पुरेल. नवी मांडी १० जानेवारीला सांगून ठेवलीय, या वेळी वरचा, मोठ्या हाडाचा भाग, साडेतीन किलोच्या आसपास. त्याला मुरायला किती दिवस द्यायचे, आठ की दहा, एवढंच ठरवायचं राहिलंय. मोठ्या हाडावरचा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी आपले दिवस आणि वजन सांगावं.