आमच्या ट्रॉलरचं डिझेल मी मोजायला लागले तेव्हा

२०२२ च्या मार्चमध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे पंचवीसेक रुपयांनी महागलं. मच्छीमार सोसायट्यांचे पंप तेव्हा घाऊक ग्राहकांतच मोडायचे, त्यामुळे तो दणका थेट बंदरावर बसला. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराचे. आमचा ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासेमारी करणारी बोट. तिचा हिशोब माझ्याकडे असतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाता जे उरतं त्याचे वाटे पडतात. त्या महिन्यातल्या एका फेरीला खलाशांच्या हातावर ठेवायला काहीच उरलं नाही. सहा माणसं चार दिवस-रात्र समुद्रात राबली होती. ते मला फार लागलं.

डिझेल किती जातं विचारलं तर सगळे ‘फेरीला सातशे लिटर’ म्हणायचे. त्यातलं जाण्या-येण्यात किती, जाळं ओढण्यात किती, हे कुणालाच सांगता येईना. मग आम्ही टाकी रिकामी केली, वीस-वीस लिटरच्या कॅनने भरत गेलो आणि दर कॅनला बांबूच्या काठीवर ब्लेडने खूण केली. खालच्या खुणा लांब लांब पडल्या, वरच्या जवळजवळ, कारण टाकीचं बूड बोटीच्या आकाराप्रमाणे निमुळतं आहे. हेलकाव्यात काठी खोटं सांगते. म्हणून इंजिन हळू करून तीनदा बघायचं आणि मधला आकडा वहीत घालायचा, असं ठरवलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन वर्षं बंद होता, तोही दुरुस्त करून घेतला. त्याशिवाय पुढचं काहीच कळलं नसतं.

महिन्याभराने वही बोलायला लागली. इंजिनाच्या मिनिटाला १६०० फेऱ्यांवर बोट आठ नॉटने, म्हणजे तासाला आठ समुद्री मैल, जाते आणि तासाला सोळा लिटर पिते. १४०० वर सात नॉट, पण डिझेल अकराच्या आत. वेग एक अष्टमांश कमी केला आणि तासाचं डिझेल जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. बोट जितकी जोरात पळवावी तितकं पाणी दुपटी-तिपटीने अडवतं. पंचवीस समुद्री मैलांवर जायचं तर पोचायला पंचवीस-तीस मिनिटं जास्त लागतात आणि एका बाजूला दहा-अकरा लिटर वाचतात.

बोट चालवणारे आमचे तांडेल ऐकेनात. “वयनी, सगल्यांच्या मागून बंदरात आलो तर लिलावात भाव कोन देईल?” त्यांचं म्हणणं खरं होतं. हर्णैला लिलाव किनाऱ्यावरच होतो, मागे राहिलेल्याची मासळी पडून राहते. म्हणून वेग वाढवण्याऐवजी अर्धा तास आधी जाळं आवरायचं ठरलं. जाताना पहाटेच्या मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, आणि सुकतीवर, म्हणजे ओहोटीच्या पाण्यावर निघायचं. तांडेल हे आधीपासून जाणत होते, पण घाईत ते मागे पडलं होतं. पुढच्या दोन फेऱ्यांचे वाटे त्यांच्या समोर बसून मांडले. खर्चातून उतरलेला प्रत्येक लिटर त्यांच्याही वाट्यात येतो हे आकड्यात दिसल्यावर त्यांनी काठी स्वतःच्या हातात घेतली.

तरीही ऑक्टोबरात आकडे पुन्हा चढले. इंजिनाच्या फेऱ्या त्याच, वेग कमी, डिझेल जास्त. उधाणाच्या भरतीला बोट आंजर्ल्याच्या खाडीत वर घेतली आणि ओहोटीला बूड उघडं पडल्यावर कारण दिसलं. बुडावर शेवाळाची हाताएवढी झालर आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या मुळाशी बारीक टोकदार शिंपले, इतके गच्च की पत्र्याने खरवडताना बोटं फाटली. पंख्याच्या एका पात्याची कडा नखभर वाकली होती, ती सरळ करून घेतली. दोन भरत्यांच्या मधल्या त्या एका दिवसाने आम्हाला जितकं वाचवून दिलं तितकं दुसऱ्या कशानेच दिलं नसेल. आता नारळी पौर्णिमेनंतर एकदा आणि थंडीत एकदा बूड घासतोच.

समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे असण्याचा संभव आहे त्याची सूचना येते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून बघून ते ठरवतात. ढग असले की ती मिळत नाही, आणि दर वेळी मासळी लागतेच असंही नाही. पण शोधत भटकायचे तास कमी झाले.

परताव्याचं मात्र दुखणं आहे. डिझेलवरच्या कराचा परतावा राज्य सरकार देतं, पण पैसे आधी आपल्यालाच भरावे लागतात. एका वर्षाची आमची फाईल एका कार्यालयात कित्येक महिने पडून होती आणि त्या काळात बर्फवाल्याची उधारी चढत गेली. आपलेच पैसे मागायला इतक्या खेपा का घालाव्या लागाव्यात, याचा राग अजून आहे.

वहीने दाखवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डिझेलचा बहुतेक वाटा जाण्या-येण्यात नाही, जाळं ओढण्यात जातो. त्यामुळे गेल्या जून-जुलैच्या बंदीत बोट शाकारून ठेवली आणि जाळ्याचा पुढचा भाग मोठ्या आसाचा, म्हणजे मोठ्या भोकांचा, आणि बारीक पण मजबूत धाग्याचा करून घेतला. इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही तपासून घेतले, आता काळा धूर जवळजवळ नाही. फेरी सहाशेच्या आसपास आली आहे. जाळ्याचं तोंड उघडं धरणाऱ्या फळ्या जुन्या, जड लाकडी आहेत. त्या बदलायला पैसे पुढच्या हंगामात जमतील असं वाटतं. तोवर त्यांच्या ओढीचे आकडे वेगळ्या पानावर लिहीत आहे.